दोनशे म्हणजे सगळं ठीक

“हे खोटं बोलणं आहे, बाबर सर,” मी म्हटलं. “सरळसरळ खोटं.”

मीटिंगच्या खोलीत आम्ही सात जण होतो. पाच जणांनी चहाचे कप खाली ठेवले. दत्तात्रय बाबरांनी मात्र ठेवला नाही. त्यांनी शांतपणे एक घोट घेतला, मिशीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “कुठलं खोटं?”

“तुमचा प्रोग्रॅम नकार देतो आणि त्याच्या कपाळावर दोनशे लावतो.”

हे दोनशे म्हणजे काय ते सांगायला हवं. एका संगणकानं दुसऱ्याला काही विचारलं की उत्तरासोबत एक आकडा येतो. दोनशे म्हणजे सगळं ठीक. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे तुम्ही मागता ते देता येत नाही. पाचशेच्या घरातला म्हणजे आमच्याकडेच काहीतरी बिघडलंय. समोरचा संगणक आधी आकडा बघतो, मग मजकूर. बाबरांचा प्रोग्रॅम कायम दोनशे पाठवायचा आणि आत मजकुरात लिहायचा, ‘मिळणार नाही’.

“वरून सगळं ठीक, आणि आत नकार,” मी म्हटलं. “याला माझ्या भाषेत फसवणूक म्हणतात.”

“कारण हाय त्याला.”

“काय कारण?”

“रक्तपेढीत जाऊन बघा. हितनं चालत पंधरा मिनिटं लागत्यात.”

“मी मिरजेत फिरायला आलेली नाही, सर.”

कुणीतरी हसलं. मला तेच हवं होतं. मी बाबरांच्या प्रोग्रॅममधले सगळे नकार छापून आणले होते, एकूण एक्केचाळीस. ते मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “‘थांबा. ही पिशवी द्यायची नाही.’ ‘अहो, तारीख संपली आहे, बघा तरी.’ ‘नंबर चुकला. चष्मा लावा.’”

चष्म्यापाशी सगळ्यांना हसू फुटलं. आमचे मालक मगदूम साहेबही हसले. बाबरांचे कान लाल झाले. मी थांबायला हवं होतं, पण थांबले नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वाचले.

*

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.

मिरजेत दवाखान्यांची कमी नाही आणि त्यातल्या बऱ्याच दवाखान्यांची सॉफ्टवेअरं आमची कंपनी चालवायची. केसपेपर, औषधं, लॅब, रक्तपेढी. सहा प्रोग्रॅमर आणि सहा तऱ्हा. चूक झाली की एकाचा प्रोग्रॅम इंग्रजीत तीन ओळी ओकायचा, दुसऱ्याचा कोरा पडदा दाखवायचा आणि बाबरांचा चष्मा लावायला सांगायचा. दवाखान्यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा मगदूम साहेबांनी मला घेतलं. माझं काम एकच होतं. सगळ्या प्रोग्रॅम्सच्या पुढे एक मिडलवेअर बसवायचं, म्हणजे मधला एक दरवाजा. कुणाचंही उत्तर बाहेर पडताना त्या दरवाज्यातून जाणार. चूक असेल तर तिथे तिला योग्य आकडा लागणार, नेटकी भाषा मिळणार आणि सगळ्यांच्या चुका एकाच साच्यात बाहेर पडणार.

मी सहा महिन्यांच्या बोलीवर होते. हे काम जमलं तर सगळ्या प्रोग्रॅमर्सची प्रमुख, नाही जमलं तर नमस्कार. पुण्याच्या कंपनीनं मला काढून टाकलेलं होतं आणि मी सांगलीला आईच्या घरी येऊन बसले होते. आईकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला मी ‘सध्या घरूनच काम करते’ असं सांगत होते. या नोकरीला मी बुडताना फळीला धरावं तसं धरलं होतं.

आणि बाबरांनी पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, अगदी सहज विचारलं होतं, “पुण्यातनं काढलं म्हणून आलासा व्हय?”

ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. त्या क्षणापासून मला तो माणूस डोळ्यांसमोर नको झाला. बावन्न वर्षांचे, डिप्लोमा झालेले, कंपनीतले पहिले नोकर. मगदूम साहेब त्यांना ‘दत्ता’ म्हणायचे. रक्तपेढीचं सगळं काम त्यांच्या डोक्यात होतं, आणि डोक्याबाहेर कुठेही नव्हतं. बाहेर दुसऱ्या कुठल्या कंपनीनं त्यांना दारात उभं केलं नसतं. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

*

मीटिंगनंतरच्या शनिवारी दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. हातात चार कागद होते, आखीव, निळ्या बॉलपेननं दोन्ही बाजूंनी लिहिलेले, कोपऱ्यात पिन मारलेली.

“सोमवारच्या आधी वाचा.”

“काय आहे?”

“रक्तपेढीचं. कुठला नकार कसा जायाला पायजे त्ये.”

मगदूम साहेबांनी नियमच करून दिला होता. ज्याच्या भागात काही वेगळं असेल त्यानं ते मला कळवायचं, मेलवर. कळवलं नाही तर जबाबदारी त्याची. नियम माझ्याच सांगण्यावरून केलेला होता.

“मेल करा,” मी म्हटलं.

“मला मराठी टायपायला दिवस जातोय. लिवलंय ते वाचायला तुमास्नी पाच मिन्टं लागतील.”

“सगळ्यांनी मेल केलाय, सर. तुमच्यासाठी वेगळा नियम कशाला?”

त्यांनी कागद माझ्या की-बोर्डवर ठेवले, अगदी बोटांवर, आणि म्हणाले, “माणूस मरंल बाई कुणीतरी तुमच्या नियमानं.”

“मला बाई म्हणू नका.”

“मग काय म्हणू?” असं विचारून ते उत्तराची वाट न बघता गेले. मला इतका संताप आला होता की अक्षरं दिसली असती तरी वाचता आली नसती. मी त्या कागदांवर चहाचा कप ठेवला. संध्याकाळी निघताना कप उचलला, कागद खणात ढकलले आणि खण बंद केला.

*

सोमवारी बारा वाजता आम्ही मिडलवेअर सुरू केलं. संध्याकाळपर्यंत एकामागून एक दवाखान्यांचे फोन आले आणि पहिल्यांदाच ते तक्रारीचे नव्हते. पडद्यावर स्वच्छ मराठीत चूक काय ते दिसत होतं, खाली तिचा क्रमांक, तिच्याखाली आमचा फोन. मगदूम साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. “इंगवले, जिंकलंस,” म्हणाले. बाबर पलीकडे पाठ करून बसले होते. त्या पाठीकडे बघून मला फार बरं वाटलं.

बाबरांचे एक्केचाळीस नकारही मी माझ्या साच्यात घातले होते. त्यांचं दोनशे काढून प्रत्येकाला चारशेच्या घरातला खरा आकडा दिला होता. चष्मा काढून टाकला होता. ऑफिसातल्या तिन्ही मशीनवर तपासून बघितलं होतं, सगळं नीट दिसत होतं.

मंगळवारी रक्तपेढीतून फोन आला. तिथल्या टेक्निशियन सलमा मुजावर होत्या.

“बाबर सर हैत काय?”

“जेवायला गेलेत. मी हेमांगी इंगवले. मला सांगा.”

“मॅडम, एका पिशवीचा नंबर टाकला तर ‘सर्व्हरशी संपर्क नाही’ म्हणालंय. पाच मिन्टानी दुसरी टाकली तर झाली. परत ती पयली टाकली, की परत संपर्क न्हाई.”

“नेट येतंय-जातंय तुमचं. वायर बघा.”

“वायर बगितली ओ. त्या पिशवीची तारीख संपलीय, म्या हातानं बाजूला काढली. पर आदी लिवून यायचं की, तारीख संपली म्हणून.”

“तुमच्या नेटवाल्याला बोलवा,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. बाबरांना निरोप दिला नाही. विसरले असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले, पण मी विसरले नव्हते. त्यांच्याशी बोलावं लागू नये म्हणून सांगितलं नाही.

*

गुरुवारी साडेअकराला फोन पुन्हा वाजला. या वेळी बाबर जवळ होते, त्यांनीच उचलला. “हां सलमा, बोल,” म्हणाले, आणि ऐकता ऐकता खुर्चीतून उठले. मी पडद्यात बघत होते, तरी मला कळलं की खोलीत काहीतरी बिघडलंय. त्यांनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याचं मोठ्यानं ऐकू येण्याचं बटण दाबलं.

“…बाळंतीण हुती सर, अंगावरनं लई जात हुतं, डॉक्टर वरनं ओरडत हुते. पिशवी टाकली तर संपर्क न्हाई. तीनदा टाकली. मग म्या कागदावर केलं. तिच्या रक्ताशी क्रॉसमॅच जुळलं, सही घेतली आन् दिली. आपलं ठरलंय तसंच, नेट नसलं की कागदावर.”

“मग?”

“आन् आता वरनं लॅबवाले आले पळत. त्या पिशवीला थांबवलंय म्हणत्यात. सकाळीच कांप्युटरवर टाकलंय म्हणत्यात. दात्याच्या दुसऱ्या तपासणीत काविळीचं निघालंय. पिशवी अजून खालीच हुती, माज्या फ्रिजमदी. मला कुणी सांगितलंच न्हाई सर.” तिचा आवाज फाटला. “अर्दी पिशवी गेली तिला.”

“बंद केली?”

“आत्ता केली.”

“तू थांब तितंच. मी आलो.”

त्यांनी फोन ठेवला. खिशातली गाडीची किल्ली काढली. माझ्या टेबलापाशी येऊन ते दोन्ही हात टेकून वाकले.

“त्या पेढीतला पडदा बारा वर्षांपूर्वीचा हाय. दवाखाना बदलायला तयार न्हाई. दोनशे सोडून कुठलाबी आकडा आला की तो मजकूर वाचतच न्हाई. संपर्क न्हाई म्हणतो आन् गप बसतो. आन् संपर्क न्हाई म्हटलं की तितल्या बाया कागदावर देत्यात. म्हणून मी नकाराला दोनशे लावत हुतो. समजलं आता, खोटं कशाला बोलत हुतो?”

“तुम्ही तोंडानं का नाही सांगितलंत?” माझा आवाज चिरका निघाला. “मीटिंगमध्ये विचारलं होतं मी! ‘जाऊन बघा’ म्हणालात!”

“लिवून दिलं की!” ते ओरडले. “चार कागद! का त्याच्यावर बी हसायचं हुतं?”

ते गेले. सगळं ऑफिस आपापल्या पडद्यात डोकं घालून बसलं होतं. आमच्या टेबलांमध्ये उंच पार्टिशनं होती. शनिवारी ते कागद मला देताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

मी खण उघडला.

पहिल्या कागदावर कपाचं गोल तपकिरी वर्तुळ उमटलं होतं. अक्षर बारीक आणि देखणं होतं, याचाही मला राग आला. सातव्या क्रमांकावर लिहिलं होतं: ‘थांबवलेली पिशवी. हा नकार आहे, बिघाड नाही. याला दोनशेच राहू द्या. बदलला तर पडदा संपर्क नाही म्हणेल आणि सलमा कागदावर देईल. तिला दोष नाही, आपणच तसं शिकवलंय. याला हात लावू नका.’ शेवटच्या तीन शब्दांखाली दोनदा रेघ मारली होती.

वाचायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मी मिडलवेअर उघडलं आणि त्या एका पडद्यासाठी दोनशे परत लावलं. काम बिनचूक झालं. मग चारही कागदांची घडी घातली आणि पर्समध्ये आतल्या कप्प्यात ठेवली. का ठेवली, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. मला ते नीट माहीत होतं.

*

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मगदूम साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. बाबरांनी दाढी केली नव्हती. ते रात्रभर दवाखान्यात सलमाजवळ बसले होते, असं नंतर कळलं.

“बाई बरी आहे,” मगदूम साहेब म्हणाले. “रक्तस्राव थांबलाय. पण काविळीसाठी सहा महिने तपासण्या. मूल अंगावर पाजायचं की नाही, हे अजून डॉक्टरांचं ठरत नाही. तिच्या नवऱ्यानं काल माझी गचांडी धरली.” त्यांनी शर्टाची कॉलर उगाच नीट केली. “दवाखान्याला लेखी उत्तर पाहिजे. कुणाच्या हातून झालं ते. नाव घातलं नाही तर सगळं काम काढून घेणार म्हणतात. आणि मला सलमाचं नाव घालायचं नाही.”

“सलमाचा संबंधच न्हाई,” बाबर म्हणाले.

“तेच म्हणतोय मी. दरवाजा हेमांगीचा, नकार तुझा. आपलं ठरलं होतं, वेगळं काही असेल तर ज्याचं त्यानं हिला कळवायचं. दत्ता, तू कळवलंस का?”

“कळवलं.”

“मेल दिसत नाही मला.”

“कागद दिला. शनिवारी. हातात दिला तिच्या.”

मगदूम साहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट जरा आशाच होती. काय उत्तर आलं तर बरं होईल हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

“हेमांगी, मिळाला होता कागद?”

माझी पर्स मांडीवर होती. मी तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसले होते. कागदांच्या घडीचा कोपरा मला पर्सच्या कातड्यातून बोटाला लागत होता. आईकडे येणाऱ्या बायका आठवल्या. पुण्याचा तो शेवटचा दिवस आठवला, हातात खोका घेऊन लिफ्टची वाट बघत उभी असलेली मी. आणि समोर बाबर होते, ज्यांनी माझ्यावर एक चांगला शब्द कधी खर्च केला नव्हता. तेही माझ्याकडेच बघत होते. त्या नजरेत विनंती असती तर कदाचित मी खरं बोलले असते. पण तिच्यात विनंतीचा लवलेश नव्हता. तुझी लायकी मला ठाऊक आहे, एवढंच होतं.

“नाही, सर,” मी म्हटलं. आवाज शांत होता, स्वच्छ होता, जरासा दुःखीसुद्धा होता. “मला काहीच मिळालं नाही. मिळालं असतं तर मी असं होऊ दिलं असतं का?”

मगदूम साहेबांनी डोळे मिटले आणि उघडले.

“दत्ता…”

“लिवा माझं नाव,” बाबर म्हणाले.

“तसं नाही, तू म्हणशील तर आपण अजून जरा—”

“साहेब, एकोणीस वर्षं झाली. मी काय बोलतोय आन् ही काय बोलतीया, ह्यातलं खरं कुठलं हे तुमाला मला इचारावं लागत असंल, तर राहू द्या.” ते उठले. खुर्ची मागे सरकवली, परत टेबलाला नीट लावली. “सलमाला काय हुता कामा नये, एवढं बघा.”

दारापर्यंत गेले आणि तिथून वळले. मला वाटलं आता शिवी देतील. मी तयारीत होते. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं आणि हळूच, जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखं, म्हणाले, “दोनशे.”

आणि दार ओढून घेतलं.

मी प्रमुख झाले. ती बाळंतीण सहा महिन्यांनी तपासण्यांतून सुटली. मगदूम साहेबांनी मला ते मुद्दाम फोन करून सांगितलं, मला बरं वाटेल म्हणून. बाबर पुन्हा ऑफिसात आले नाहीत, आणि मी त्यांना नंतर एकदाच पाहिलं. किल्ल्याजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ते मशीनपाशी उभे होते. मी रस्ता ओलांडला. तो माणूस मला आजही आवडत नाही, आणि ते चार कागद आजही माझ्याकडे आहेत.

पण त्या सकाळी दार बंद झाल्यावर मगदूम साहेब दाराकडे बघत होते. त्यांना आकड्यांचं काही कळायचं नाही.

“काय म्हणाला तो जाताना?” त्यांनी मला विचारलं.

“काही नाही, सर,” मी म्हटलं. “सगळं ठीक आहे.”